कर्ण्यातील घुं-घुं : कारणे आणि उपाय
(केंद्रसंमेलनातील भाषण)



ज्या शाळेत ध्वनिवर्धक आला, तेथे त्याच्याबरोबर पुष्कळदा एक अनाहूत पाहुणाही येतो. कर्ण्यातून अखंड ऐकू येणारी ‘घुं-घुं’ हा तो पाहुणा होय. घरी गाणी ऐकण्याचा संच असला तर ती केवळ रसभंग करते. पण शाळेत तिच्यामुळे शेवटच्या रांगेतील मुलाला ‘प’ आणि ‘ब’ यांतील भेदही कळेनासा होतो. यास्तव हा विषय मी आज आपल्यापुढे मांडीत आहे.

प्रथम माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या आरंभीच्या काळात, प्रजासत्ताकदिनाच्या आदल्या सायंकाळी, आमच्या शाळेचा कर्णा असाच गुणगुणू लागला. कोणीतरी सुचविले, “प्लगमधील हिरवी तार तोडा, म्हणजे आवाज थांबेल.” मी ती तोडली. आवाज थांबला आणि माझे कौतुकही झाले. दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थ्याने ओल्या हाताने ध्वनिवर्धकाच्या पत्र्याला स्पर्श केला आणि विजेच्या धक्क्याने तो दूर फेकला गेला. सुदैवाने त्याला इजा झाली नाही. हिरवी तार ही भूसंपर्काची म्हणजे अर्थिंगची तार असते. यंत्रात बिघाड होऊन पत्र्यात वीज उतरली, तर तिला जमिनीकडे नेणारी वाट तीच होय. ती वाट मीच बंद केली होती.

आता या नादाचे मूळ पाहू. आपल्याकडील घरगुती वीज २३० व्होल्ट दाबाची असून तिचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तने करतो. हीच आवर्तने ध्वनीच्या मार्गात शिरली की कर्णा ती खर्ज सुरात गाऊ लागतो. ती तीन वाटांनी शिरतात. ती वाट कोणती, हे शोधण्यास उपकरणे लागत नाहीत. क्रमाने विचार करण्याची सवय मात्र लागते.

प्रथम ध्वनिवर्धकाचे आवाजाचे बटन शून्यावर आणावे. तरीही घुं-घुं तशीच राहिली, तर दोष बहुधा यंत्राच्या आतच आहे. आत येणारी वीज एकदिश करून धारित्रांच्या साहाय्याने संथ केली जाते. ही धारित्रे जुनी झाली की काम नीट करीत नाहीत आणि सेकंदास १०० आवर्तनांचा नाद ऐकू येतो. येथे आपण हात घालू नये. वीज बंद केल्यावरही धारित्रांत भार साठून राहतो. यंत्र जाणत्या तंत्रज्ञाकडेच न्यावे.

बटन शून्यावर नेताच नाद थांबला, तर दोष बाहेरून येणाऱ्या तारांत आहे. मग आवाज कमी ठेवून माइक, मोबाइल, संगणक यांच्या तारा एकेक काढून पाहाव्यात. जी काढताच नाद थांबेल, ती दोषी. ती माइकची असेल, तर तार हलक्या हाताने हलवून पाहावी. नाद कमीजास्त झाला, तर तिच्यावरील संरक्षक जाळीचा जोड सुटलेला असतो. जोड पक्का असूनही नाद राहिला, तर तार विजेच्या तारेशेजारून गेली आहे काय ते पाहावे. दोन्ही तारा एकमेकींपासून दूर ठेवाव्यात. ओलांडणे भागच असेल, तर काटकोनात ओलांडाव्यात.

मैदानापर्यंत लांब तार न्यावयाची असेल, तर संतुलित जोडणीचा माइक घ्यावा. त्याचे गणित सोपे आहे. एका तारेत ५ आणि दुसरीत उणे ५ असा ध्वनी जातो. वाटेत दोहोंत २ इतका नाद मिसळला, तर ७ आणि उणे ३ होतात. ध्वनिवर्धक दोहोंतील फरक घेतो. तो १० च येतो. ध्वनी शिल्लक राहतो, नाद वजा होतो.

तिसरी वाट सर्वांत फसवी आहे. संगणक एका फळीवरून आणि ध्वनिवर्धक दुसऱ्या फळीवरून वीज घेतो. दोन्ही भूसंपर्कांच्या दाबांत किंचित फरक असला, तरी जोडतारेच्या जाळीतून लहानसा प्रवाह वाहतो आणि तोच गुणगुणतो. संगणकाचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवावा. नाद थांबला, तर कारण उमगले. मग कार्यक्रमापुरता संगणक बॅटरीवरच चालवावा, किंवा दोन्ही यंत्रे एकाच फळीवर जोडावीत. एवढ्यानेही भागले नाही, तर ध्वनीच्या तारेत विलगक रोहित्र बसवून घ्यावे. त्यातून ध्वनी पलीकडे जातो, पण दोन्ही यंत्रांच्या तारा एकमेकींना जोडलेल्या राहत नाहीत. विजेचा भूसंपर्क दोन्हीकडे शाबूत राहतो.

बंधुभगिनींनो, आपण आपापल्या शाळेत परत गेल्यावर प्लग उघडण्याचे धाडस करू नये. पण त्याची तिसरी, जाड पिन जागेवर आहे ना, एवढे उद्याच पाहावे आणि भूसंपर्क वायरमनकडून तपासून घ्यावा. नाद राहिला तर एखादे भाषण नीट ऐकू येणार नाही. भूसंपर्क तुटला, तर होणारी हानी कशानेही भरून येणार नाही. हे ध्यानात ठेवावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.