नास कुठला घ्यावा, आणि कशासाठी?

मी तंजावूरहून बोलतोय. या मालिकेत सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न आज घेतो. घरच्या हाय-फायचा आवाज सुधारायचा आहे, तर गाणी ठेवायला कुठला नास घ्यावा?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नास म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेली साठवणुकीची पेटी. आत एक-दोन डिस्क आणि एक छोटा कॉम्प्युटर. वायरने राउटरला जोडायची, मग घरातला कुठलाही प्लेअर तिच्यातली गाणी वाजवतो. दूध नासतं त्या अर्थाने नाव अंगावर येतं खरं. पण आज खऱ्या नासाडीबद्दलही बोलायचं आहे, म्हणून नाव असू द्या.

आधी सरळ उत्तर देतो. नास बदलल्याने आवाज सुधारत नाही. सीडीच्या दर्जाच्या स्टीरिओ आवाजाला सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट लागतात. साधं जुनं नेटवर्कसुद्धा सेकंदाला १०० मेगाबिट नेतं, म्हणजे सत्तरपट. वाटेत एखादा तुकडा बिघडला तर तो पुन्हा मागवला जातो. प्लेअर आलेला माल आधी स्वतःच्या स्मृतीत साठवतो आणि मग आपल्या घड्याळाच्या तालावर डॅककडे, म्हणजे आकड्यांचा आवाज करणाऱ्या यंत्राकडे, सोडतो. ती फाइल महागड्या पेटीतून आली की जुन्या लॅपटॉपमधून, हे डॅकला कळायला मार्गच नसतो. पटत नसेल तर एकच फाइल दोन ठिकाणी ठेवा, बदलाबदल दुसऱ्या कोणाला तरी करू द्या आणि न बघता दहा वेळा ओळखून दाखवा. ‘खास संगीतासाठी’ म्हणून तिप्पट किमतीला विकल्या जाणाऱ्या पेट्यांबद्दल माझं मत आता वेगळं सांगायला नको.

आवाजाशी नासचा संबंध दोनच ठिकाणी येतो. पहिला म्हणजे त्याचा स्वतःचा आवाज. साडेतीन इंची डिस्कची घरघर आणि पंख्याची भणभण. रात्री तंबोरा लागलेला असताना ती नक्की ऐकू येते. म्हणून पेटी दुसऱ्या खोलीत ठेवा, नाहीतर एसएसडी घाला. दुसरा म्हणजे वायर. धातूचं आवरण असलेली नेटवर्क वायर दोन उपकरणांचं अर्थिंग एकमेकांना जोडू शकते, आणि जुन्या घरांतलं अर्थिंग कसं असतं ते आपण जाणतो. स्पीकरमध्ये गुणगुण आली तर आधी बिनआवरणाची साधी वायर लावून बघा. स्वस्तात काम होतं.

मग नास घ्यायचाच कशाला? तर गाणी टिकावीत म्हणून. आणि हे मी तंजावूरमधून बोलतोय याला कारण आहे.

इथे सतराव्या शतकापासून मराठी घरं आहेत. महाराष्ट्रातून आलेल्या कीर्तनकारांचं ऐकून तंजावूर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवी घडण दिली. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही नावं त्या हरिकथेत तशीच राहिली. सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसल्यांचा इतिहास बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला, तो अजून वाचता येतो. दगडाला बॅकअप लागत नाही हो! पण घरोघरच्या कीर्तनांच्या, लग्नातल्या गाण्यांच्या, आजोबांच्या पाठांतराच्या कॅसेटी पत्र्याच्या पेट्यांत पडून आहेत. कावेरीकाठची दमट हवा, फितीवर पांढरी बुरशी आणि चालू स्थितीतला टेप शोधायला गावभर फेऱ्या. अशा कॅसेटची दुसरी प्रत जगात कुठेही नसते.

तेव्हा पैसे असे लावा. सगळ्यात आधी चांगला कॅसेट डेक आणि त्याची नीट साफसफाई. प्रत्येक कॅसेटगणिक हेडचा कोन जुळवून घ्या. स्क्रू किंचित फिरवला की दबलेले झांजांचे आवाज उघडतात. एवढा फरक कुठलाही नास पाडणार नाही. बुरशी दिसत असेल तर ती फीत साफ केल्याशिवाय डेकमध्ये घालू नका, पुढच्या कॅसेटींनाही लागते. रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला करा आणि फ्लॅकमध्ये साठवा, एमपी३मध्ये नको. तासाला फार तर १ जीबी धरा. ९० मिनिटांच्या २०० कॅसेटी ३०० जीबीत बसतात. म्हणजे २ टीबीचा दोन डिस्कांचा साधा नास पुष्कळ झाला. चार-सहा डिस्कांच्या पेट्या सिनेमे साठवणाऱ्यांसाठी.

दोन डिस्कांवर एकच माल ठेवण्याची सोय असते, ती जरूर वापरा. पण तिला बॅकअप समजू नका. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकाच क्षणी जाते. वेगळी बाहेरची हार्ड डिस्क घ्या, महिन्यातून एकदा प्रत काढा आणि ती दुसऱ्या गावी, बहिणीकडे, मुलाकडे ठेवा. कपाटात वर्षानुवर्षं बंद ठेवायच्या प्रतीसाठी एसएसडी नको, साधी हार्ड डिस्कच बरी. फ्लॅक फाइलीत मूळ आवाजाची एक तपासखूण असते. वर्षातून एकदा सगळ्या फाइली तपासून घेतल्या की कुठली बिघडली ते कळतं.

यूपीएस मात्र चुकवू नका. २०१८च्या नोव्हेंबरात गज चक्रीवादळ आलं तेव्हा या भागात कितीतरी ठिकाणी दिवसचे दिवस वीज नव्हती. तेवढी वीज यूपीएस देत नाही. पण यूएसबीने जोडलेला असेल तर तो नासला निरोप देतो आणि नास फाइली नीट बंद करून स्वतः झोपी जातो. डिस्कला त्रास होतो तो लिहिता लिहिता वीज गेल्याचा.

आता नावांचा घोळ. ही सॉफ्टवेअरं ‘अल्बम’ आणि ‘आर्टिस्ट’ एवढंच विचारतात. कीर्तनात गाणारा एक, रचना दुसऱ्याची, मृदंगावर तिसरा, शिवाय राग, ताल, आख्यान, गाव. फ्लॅकमध्ये हवे तेवढे रकाने करता येतात आणि देवनागरी, तमिळ दोन्ही लिप्या चालतात. इथल्या कितीतरी घरांत मराठी तमिळ लिपीत लिहितात, त्यामुळे एकच बुवा तीन लिप्यांत तीन माणसं होऊन बसतात. नाव एका लिपीत पक्कं करा, बाकीची शेऱ्यात टाका.

आणि क्रम कसा लावायचा? सगळ्यात जुनी कॅसेट आधी, असं नाही. जिच्यातले आवाज ओळखणारं माणूस अजून घरात आहे, ती आधी. आमच्या गल्लीत नव्वदीतल्या एक आजी आहेत. झांज कोण वाजवतंय, मागे खोकलं कोण, हे त्या दोन मिनिटांत सांगतात. सध्या रोज दुपारी त्यांच्याकडे एका कॅसेटची एक बाजू ऐकतो. ६० मिनिटांची असेल तर अर्धा तास, मग त्यांचा डोळा लागतो.