किरायाची खोली आणि घरमालकाची जबाबदारी

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावरून शिक्षणाविषयी बोलावे, अशी रीत आहे. मी मात्र आज घराविषयी बोलणार आहे. सेवाग्रामला १९६९ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले, पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय आले, १९९० साली सावंगीला दुसरे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि त्यानंतर हिंदी विश्वविद्यालय आले. बाहेरगावच्या सगळ्याच मुलांना वसतिगृहात जागा मिळत नाही. ती आपल्या वस्त्यांतून, सावंगी, सिंदी, पिपरीसारख्या लगतच्या गावांतून खोल्या घेऊन राहतात. वरचा मजला चढवायचा, तीन खोल्या काढायच्या, एकेका खोलीत तीन-चार पलंग टाकायचे, हा आता पुष्कळ घरांचा आधार झाला आहे. त्यात गैर काही नाही. आज समोर बसलेल्यांपैकी कोणी घरमालक आहेत, तर कोणाचा मुलगा नागपूर-पुण्याला दुसऱ्याच्या खोलीत राहतो आहे. काही जण तर दोन्ही आहेत. तेव्हा मी जे सांगतो, ते दोन्ही कानांनी ऐकावे.

पहिली गोष्ट कागदाची. “वकीलसाहेब, आमचा अकरा महिन्यांचा करार आहे, नोटरी केलेला आहे, आता काही भीती नाही,” असे मला वरचेवर ऐकायला मिळते. हा अकरा महिन्यांचा आकडा आला कोठून? सन १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती टाळावी म्हणून एक महिना कमी लिहिण्याची चाल पडली. पण महाराष्ट्रात ही चाल आता निरुपयोगी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे घर भाड्याने दिले असो की लिव्ह अँड लायसन्सवर, करार लेखी पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे. मुदत अकरा महिन्यांची आहे की पाच, याला महत्त्व नाही. नोंदणी करण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे, राहणाऱ्यावर नाही. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्याहून मोठी अडचण अशी की, वाद उपस्थित झाला तर कोणत्या अटींवर जागा दिली होती याबाबत राहणाऱ्याचे म्हणणे खरे धरले जाते. ते खोटे आहे हे घरमालकाला सिद्ध करावे लागते. नोटरीचा शिक्का येथे उपयोगी पडत नाही.

आपल्याकडील जुन्या मंडळींना कागदाची धास्ती का वाटते, ते मी समजू शकतो. नवा कायदा येईपर्यंत विदर्भात १९४९ चा मध्य प्रांत व वऱ्हाडचा भाडे नियंत्रण आदेश चालू होता. किरायदार एकदा बसला की उठत नाही, हा अनुभव त्या काळात अनेकांनी घेतला. त्यातून “लेखी काही द्यायचेच नको” ही समजूत घट्ट झाली. आज परिस्थिती नेमकी उलटी आहे. लिव्ह अँड लायसन्सचा रीतसर करार असेल आणि मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर कलम २४ प्रमाणे घरमालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागता येतो आणि त्या पुढील काळासाठी दुप्पट दराने रक्कम मिळू शकते. म्हणजे ज्या कागदाला आपण भितो, तोच आपला रखवालदार आहे.

खर्चही फार नाही. लिव्ह अँड लायसन्सचे मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का आहे. चार मुलांचे मिळून महिना आठ हजार रुपये धरले, तर अकरा महिन्यांचे अठ्ठ्याऐंशी हजार होतात आणि त्यावर हिशेबाने दोनशे वीस रुपये येतात. परत करावयाच्या अनामतीवर वर्षाला दहा टक्के धरून ती रक्कमही हिशेबात मिळवतात. नोंदणी फी वेगळी. हे काम आता घरबसल्या संगणकावरूनही होते. एका मुलाच्या दोन महिन्यांच्या चहापाण्याइतका हा खर्च नाही, आणि त्यासाठी आपण तीन महिन्यांच्या कैदेचा धोका पत्करतो!

करार कोणाशी करायचा, हेही पाहा. खोलीत मुले चार आणि कागदावर नाव एकाचे, असे करू नका. चौघांची नावे लिहा. अकरावी-बारावीचा मुलगा असेल तर त्याची सही घेऊन काही उपयोग नाही. अठरा वर्षांखालील व्यक्तीशी केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ सालीच सांगून ठेवले आहे. तेथे वडिलांशी किंवा पालकाशी करार करावा. पालकांनीही यानिमित्ताने एकदा येऊन खोली डोळ्यांनी पाहावी. पैसे पाठवले म्हणजे आपले काम संपले, असे समजणारे पालक मला बरेच भेटतात.

राहणाऱ्यांची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचे आदेश वेळोवेळी निघत असतात. ती माहिती देऊन पोच जपून ठेवावी. विश्वविद्यालयात परदेशी विद्यार्थी येतात. असा कोणी आपल्याकडे उतरला, तर चोवीस तासांच्या आत विहित फॉर्म भरावा लागतो. भाड्याची पावती मागितली नाही तरी द्यावी. कायद्याने ती देणे बंधनकारक आहे.

आता कागद बाजूला ठेवतो. मला खरी काळजी आहे ती भिंतीतल्या तारेची.

वर्ध्याचा उन्हाळा मी आपल्याला काय सांगावा! एप्रिल-मेमध्ये कूलरशिवाय कोणी राहू शकत नाही आणि परीक्षाही त्याच दिवसांत. कूलर म्हणजे लोखंडी पत्र्याची पेटी, आत पाणी, पाण्यात पंप आणि समोर ओल्या फरशीवर अनवाणी पाय. पंपाची तार कुठे सोलली गेली असेल आणि अर्थिंग नसेल, तर सगळा पत्रा विजेने भारलेला राहतो. त्यात पाणी ओतायला किंवा त्याला सरकवायला गेलेले पोर तिथल्या तिथे जाते. विदर्भात अशा बातम्या उन्हाळ्यात वाचायला मिळतात आणि आपण हळहळून पान उलटतो.

पुष्कळ जण सांगतात की आमच्याकडे एमसीबी बसवलेली आहे. तिचे काम वेगळे. तारेवर फार भार आला किंवा शॉर्टसर्किट झाले की ती पडते. माणसाच्या अंगातून जाणारा प्रवाह त्या मानाने इतका थोडा असतो की एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी आरसीसीबी लागते, ज्याला आपल्याकडचे वायरमन अजून ईएलसीबी म्हणतात. घरगुती वापराची आरसीसीबी तीस मिलिअँपिअर गळतीवर क्षणार्धात वीज तोडते. तिच्यावर एक लहान बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहावे. वीज गेली नाही तर उपकरण निकामी आहे. अर्थिंगचा खड्डाही एकदा खणून विसरण्याची वस्तू नव्हे. आपली काळी जमीन उन्हाळ्यात वाळून तडकते, मातीतला ओलावा जातो आणि नेमके कूलर चालू असतात त्याच दिवसांत अर्थिंग कमजोर होते. खड्ड्यात चार दिवसांआड बादलीभर पाणी टाकण्याचा त्रास घ्यावा. आणि कूलरला तीन पिनांचाच प्लग हवा. सॉकेटमध्ये उघड्या तारा खोचून वर काड्यापेटीची काडी घुसवण्याची जी कला आपल्या मुलांना अवगत आहे, ती घरमालकाला दिसल्याबरोबर त्याने बंद करावी. मुले रागावतील, रागावू द्या.

त्याच कूलरचे पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी पुसून कोरडी करावी. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो.

दुसरी गोष्ट कुलपाची, आणि येथे मी थोडे कडक बोलणार आहे. मुलींना खोल्या देणारे बरेच घरमालक रात्री दहाला खालच्या चॅनल गेटला बाहेरून कुलूप लावतात आणि किल्ली घेऊन झोपायला जातात. पालकांना ते फार आवडते. मुलगी सुरक्षित आहे, असे वाटते. पण रात्री दोन वाजता जिन्याखालच्या मीटरने पेट घेतला तर? खिडक्यांना गज, गच्चीच्या दाराला कुलूप, आणि किल्ली शेजारच्या घरात उशीखाली! कुलूप अवश्य लावा, पण आतून लावा आणि एक किल्ली आत राहणाऱ्या मुलींपाशी ठेवा. जिन्याखाली मोटारसायकली, जुन्या गाद्या आणि मेसचे सिलिंडर एकत्र ठेवू नका.

दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरमध्ये २७ जुलै २०२४ रोजी एका शिकवणी वर्गाच्या तळघरात पावसाचे पाणी शिरले आणि तीन विद्यार्थी बुडून मेले. तळघराची परवानगी सामान ठेवण्यासाठी व वाहनांसाठी होती. तेथे अभ्यासिका चालू होती. आपल्या गावातही अभ्यासिका ठिकठिकाणी निघाल्या आहेत. मंजूर नकाशात जी जागा ज्यासाठी आहे, तिचा तोच उपयोग करावा, या नियमाचा अर्थ त्या दिवशी देशाला कळला.

दुरुस्तीबद्दल कायदा काय म्हणतो? भाडेकरू असलेल्या जागेची योग्य दुरुस्ती ठेवण्यास घरमालक बांधील आहे. त्याने टाळाटाळ केली तर किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापर्यंत खर्च भाड्यातून वळता करू शकतो. पाणी किंवा वीज तोडून त्याला हुसकावता येत नाही. तो गुन्हा आहे. पण आपली मुले बहुधा लिव्ह अँड लायसन्सवर राहतात. त्यांना या तरतुदी आपोआप लागू होतील असे गृहीत धरू नका. गळती, नळ, संडास, वायरिंग कोणी किती दिवसांत दुरुस्त करायचे, ते करारातच लिहून घ्या. घरमालकांच्या माहितीसाठी सांगतो: घरभाड्याच्या उत्पन्नातून, भरलेला घरपट्टी कर वजा करून उरलेल्या रकमेवर, आयकरात सरसकट तीस टक्के वजावट मिळते, पावती दाखवावी लागत नाही. दुरुस्तीसाठी काही लागते, हे सरकारने मान्य केले आहे. त्यातले किती आपण खरोखर घरावर घालतो, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आणखी एक. आडनाव ऐकताच खोली “आताच गेली” होते, असा अनुभव परगावी शिकणारी आपली मुले सांगतात. तो कडू आहे. म्हणूनच आपल्या दारात कोणाही जातीधर्माचा विद्यार्थी आला, तर त्याला ओळखपत्र विचारावे, पालकांचा पत्ता विचारावा, बाकी काही विचारू नये.

नव्या प्रवेशांची धावपळ पावसाळ्याच्या तोंडावर सुरू होते आणि तेव्हा वायरमन सापडत नाही. अर्थिंग, आरसीसीबी आणि गच्चीची गळती ही कामे मार्चच्या आत, कूलर खाली काढण्यापूर्वी उरकावीत. कोणाला कराराचा मसुदा पाहायचा असेल तर मी सभा संपल्यावर येथेच थांबणार आहे.