मागच्या ॲक्सलला दावं बांधा

पावसाळा लागला की महिंद्राच्या जुन्या जीप आणि मारुतीच्या जिप्सी घाटवाटांना लागतात. दोन्ही गाड्यांना मागे पाटेच. जिप्सी तर 1985 सालची, तिलाही चाळीस वर्षं झाली. आणि गॅरेजात घाई कसली, तर शॅकल लांब टाका, पाटे कमी करा, लांब शॉकअप बसवा. चाक जितकं खाली लोंबेल तितकी गाडी भारी, असा समज झालाय. माझी विनंती एकच आहे. मागचा ॲक्सल कुठवर उतरेल हे आधी ठरवा आणि तिथेच तो अडेल असा पट्टा चासीपासून ॲक्सलला बांधा.

चाक अधांतरी सुटलं की ॲक्सलचं वजन कुठेतरी अडतंच. पट्टा नसला की ते शॉकअपवर येतं. शॉकअपचं काम चाल आवरण्याचं, वजन पेलण्याचं नव्हे. बैलाला वेसण घालतो ती वळवायला. गोठ्यात बांधतो ते दाव्याने. वेसणीलाच बांधून ठेवला आणि तो बिचकला, तर नाक फाटतं. इथेही तसंच. आधी तेल गळतं, बुश फाटतो, मग रॉडच उपटून येतो. पुढचा हिसका ब्रेकच्या रबरी होजला.

हे नीट ऐका. जुन्या जीपमध्ये चारही चाकांना ब्रेकची एकच लाइन असते. चासीवरून मागच्या ॲक्सलवर उतरणारा तो होज तुटला की पेडल तळाला जातं आणि पुढचे ब्रेकही लागत नाहीत. भर उतारावर!

आता दाव्याची लांबी. चासीखाली भक्कम घोड्या लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर आत शिरू नका. शॉकअप खालून सोडवा, ॲक्सल हळूहळू उतरवा. होज कुठे ताणतो, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस कुठे अडतो, शॉकअप पूर्ण उघडून किती लांब होतो, हे मोजा. यातलं जे पहिलं येईल, त्याच्या इंचभर आधी पट्टा ताठ व्हायला हवा. नायलॉनचा पट्टा जोराच्या हिसक्याने फुटामागे साधारण इंचभर ताणतो. तेवढा तो आखूड घ्या.

फार आखूडही नको, बैलाचं तोंड गव्हाणीला पोचायला हवं. म्हणून काहीजण डिफरन्शियलपाशी मधोमध एकच पट्टा घालतात. दोन्ही चाकं एकदम खाली जात नाहीत, पण एक वर, एक खाली असं चालतं. मात्र मग एकेका टोकाला शॉकअप पुरतो ना, ते वेगळं तपासा.

पुन्हा सांगतो, वजन पट्ट्यावर येऊ द्या, शॉकअपवर नाही. या रविवारी मागची चाकं लोंबती ठेवून तो होज एकदा बघा. ताणलेला दिसला, तर पट्टा बसेपर्यंत गाडी घाटात नेऊ नका.