अंडीपुंज कुणाच्या नावावर?

(वाशिम जिल्ह्यातील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण मारहाणीवर बोलतो, जमिनीवर बोलतो, रेशनवर बोलतो. आज मी रेशीमकिड्यांच्या अंड्यांवर बोलणार आहे. मी समाजकार्य शिकले, शेतीशास्त्र नाही. पण आपल्या भागात सोयाबीनच्या जोडीला तुती आली, शेड उभ्या राहिल्या आणि त्यांत राबणारे हात बहुतेक बायकांचे आहेत. म्हणून हा आपला विषय आहे.

एका मादी पतंगाने घातलेली ४०० ते ५०० अंडी म्हणजे एक अंडीपुंज. शंभर पुंज घेतले की घरात ४०-५० हजार तोंडं आली! दुसरी कात टाकेपर्यंत त्यांना चॉकी केंद्रात वाढवतात, मग ती आपल्याकडे येतात. पाला कापा, वाहा, घाला, विष्ठा काढा, चुना धुरळा, कोष वेचा. शेवटच्या अवस्थेत तर एकूण पाल्याच्या ८० टक्क्यांहून अधिक पाला लागतो. त्या दिवसांत बाईला झोप नसते.

आणि एवढं करून कीटक मेले, तर? मी गावागावांत ऐकलं आहे : "हिनं हात धुतले नसतील." "पाळीत शेडमध्ये गेली असेल." दोष ताबडतोब बाईच्या अंगावर.

दोष अंड्यातही असू शकतो, हे विज्ञान दीडशे वर्षांपासून सांगतं आहे. पेब्रीन रोगाने फ्रान्समधला रेशीमधंदा बुडत चालला, तेव्हा १८६५ मध्ये लुई पाश्चर त्याचा शोध घ्यायला गेले. हा रोग मादीकडून अंड्यात उतरतो, असं त्यांनी दाखवलं. उपाय साधा : अंडी घालून झाल्यावर मादीला कुटून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. रोगाचे जंतू दिसले की तिची अंडी नष्ट करायची. या कामात पाश्चर यांची पत्नी मारी स्वतः किडे पाळत होती. नाव मात्र नवऱ्याचं झालं!

दरवेळी अंडीच खराब असतात असं नाही. शेड नीट निर्जंतुक नसेल, पाला ओला असेल, तरी रोग येतो. शिवाय अंड्यांना २५ अंशांच्या आसपास तापमान आणि ७५-८० टक्के दमटपणा लागतो. आपल्या राज्याचं अंडीपुंज निर्मिती केंद्र गडहिंग्लजला आहे, कर्नाटकातूनही अंडी येतात. तिथून वाशिमपर्यंतच्या प्रवासात, आपल्या उन्हाळ्यात, ती तापली तर कुणाला कळणार? ज्याच्याकडे नोंद आहे, त्यालाच. पण पाळीचा आणि किडे मरण्याचा काडीचा संबंध नाही, हे प्रत्येक घरात ठणकावून सांगा.

केंद्रीय रेशीम मंडळाचा कायदा १९४८चा. २००६च्या दुरुस्तीने रेशीमबीजाच्या दर्जावर कायद्याचं नियंत्रण आलं. म्हणजे चांगलं बी ही मेहेरबानी नाही, तो हक्क आहे. पण हक्क मागणार कोण? सातबारा नवऱ्याचा, नोंदणी नवऱ्याची, अंडीपुंजांची मागणी आणि कोषांची पट्टीही त्याच्याच नावावर. चौकशीला साहेब आले, तरी खुर्ची त्यालाच मिळते आणि किडे कधी सुस्तावले हे जिला ठाऊक, ती चहा ठेवते.

म्हणून माझं म्हणणं असं. प्रत्येक शेडमध्ये एक वही ठेवा. पुंज कुठून आले, लॉट नंबर काय, अंडी कधी फुटली, शेकडा किती फुटली, कीटक कधी मरू लागले, हे बाईने लिहावं. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्यावं. रेशीम कार्यालयातील नोंदणीत नवऱ्यासोबत बाईचंही नाव लागावं. चॉकी केंद्रं बचत गटांना मिळावीत आणि त्यासाठीचं प्रशिक्षण, सूक्ष्मदर्शक हाताळण्यासकट, बायकांना मिळावं. प्रमाणित बी खराब निघालं तर भरपाईत तिच्या मजुरीचे दिवस धरावेत.

पुढची बॅच येण्याआधी या मागण्यांचं निवेदन घेऊन आपण जिल्हा रेशीम कार्यालयात जाऊ. वह्या सोबत आणा.