पेटीची पट्टी जड का लागते?

इनामगावात भजनाला एखादी मुलगी पेटीवर बसली आणि दोन अभंगांत तिची बोटं दुखली, की बायका म्हणतात, "पोरीच्या हातात जोर नाही." आधी पेटी बघा.

पट्टीच्या मागच्या टोकाखाली चामडं लावलेलं झाकण असतं. ते सुराचं भोक बंद ठेवतं आणि त्याला दाबून धरते तारेची स्प्रिंग. बोटाला जड लागते ती हीच. मोठ्या पियानोत स्प्रिंगऐवजी हातोड्याचा भार असतो, तो पट्टीत शिसं बसवून तोलतात. तिथले कारागीर पट्टीवर वजनं ठेवून बघतात. साधारण ५० ग्रॅमला ती खाली जाते. आपल्याला रुपयाची लहान नाणी पुरतात. भाता न हलवता पट्टीच्या पुढच्या कडेवर एकेक ठेवा, शेजारच्या पट्टीला टेकू देऊ नका. पांढरी पांढरीशी, काळी काळीशी ताडून बघा. एखादीला चार-पाच नाणी जास्त लागली, तर ती जड.

पण लगेच स्प्रिंग ढिली करायला सांगू नका. पट्टी दाबून सोडा. झटकन वर आली, तर स्प्रिंग कडक. रेंगाळत आली, तर लाकूड फुगून घासतंय; पावसाळ्यात असं होतंच. तेव्हा स्प्रिंग सैल केली तर पट्टी आणखी अडकते. फार सैल झाली तर भात्याची हवा झाकण खालून उचलते, आणि हात न लावता सूर वाजत राहतो. ऐन हरिपाठात!

कारागिराकडे पेटी नेताना आत चिठ्ठी ठेवा : काळी चार, स्प्रिंग कडक, पांढरी पाच, लाकूड घासतं.