मागच्या रांगेतली वाद्ये
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे व्हायोलिन आणि पियानो येतात. शनिवारी मंडळाच्या वाचनालयात जमून ऐकणाऱ्या आम्हां पाच-सहा जणांचेही तसेच होते. पण एकदा आमच्यातले सर्वांत वडीलधारे काका म्हणाले, "अरे, हे व्हायोलिन वर गेलं की मला हल्ली ऐकूच येत नाही. तुम्ही माना डोलावता आणि मी तुमच्या माना बघतो."

आम्ही गप्पच झालो. वय वाढले की कान आधी वरचे स्वर सोडतो, खालचे बराच काळ धरून ठेवतो. तेव्हा काकांसाठी म्हणून आम्ही खर्जातली वाद्ये शोधू लागलो.

पहिले सापडले बसून. सनईसारखीच दुहेरी पत्ती ओठांत धरून वाजवायचे. पण नळी सुमारे आठ फूट लांब, म्हणून दुमडलेली. ऑर्केस्ट्रात याच्याकडे पुष्कळदा विनोदाचे काम येते. मोझार्टने मात्र १७७४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, साल्झबर्गला या वाद्यासाठी कंचेर्टो लिहिला. त्यातला मधला संथ भाग लावला. संपेपर्यंत काका हलले नाहीत. मग म्हणाले, "सनई म्हातारी झाली की अशी बोलत असेल."

पुढची पाळी डबल बासची. माणसापेक्षा उंच, उभे राहून किंवा उंच स्टुलावर बसून वाजवायचे वाद्य. एकाने ते मोबाइलवर लावले, तर नुसती खरखर. आमचा डिप्लोमा इलेक्ट्रिकलचा, त्यामुळे कारण लगेच कळले. या वाद्याची सर्वांत खालची तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते, आणि मोबाइलचा नखाएवढा स्पीकर ते पेलणार कसा? माळ्यावरचा जुना अ‍ॅम्प्लिफायर काढला, दहा इंची स्पीकर जोडला. वाचनालयाच्या खिडकीची तावदाने थरथरली, तेव्हा काका हसले. ही वाद्ये कमी ऐकली जातात त्यात आपल्या यंत्रांचाही दोष आहे, हे आमचे स्पष्ट मत.

या वाद्याचा बादशहा जोव्हानी बोत्तेसिनी. जन्म १८२१, इटलीतला. मिलानच्या संगीतशाळेत शिष्यवृत्तीच्या दोनच जागा शिल्लक होत्या, एक बसूनची आणि एक डबल बासची. पोराने व्हायोलिन बाजूला ठेवून काही आठवड्यांत डबल बासची तयारी केली आणि जागा मिळवली. पुढे युरोपभर त्याचे एकल वादन गाजले. १८७१ साली कैरोला व्हेर्दीच्या 'आइदा'चा पहिला प्रयोग झाला, त्याचे संचालनही त्यानेच केले. त्याची 'एलिजी' जरूर ऐका. एवढे थोरले वाद्य किती हळू बोलू शकते ते कळते. एकल वादनासाठी पुष्कळ वादक तारा एक पूर्ण स्वर वर चढवतात, म्हणजे आवाज ऑर्केस्ट्रात बुडत नाही.

व्हायोलाची गोष्ट निराळी. पागानिनीने बर्लिओझकडे व्हायोलासाठी रचना मागितली. त्यात आपल्याला फार वेळ गप्प बसावे लागते म्हणून त्याने ती वाजवलीच नाही. हीच १८३४ सालची 'हॅरल्ड इन इटली'. चार वर्षांनी ती ऐकल्यावर त्याने बर्लिओझपुढे गुडघे टेकले आणि पुढे २०,००० फ्रँक पाठवले. आपल्याकडे सारंगीला गाणाऱ्याच्या मागून पुढे आणायला पंडित रामनारायण यावे लागले. आमच्या सरकारी कचेरीत टिपण एकाचे आणि सही साहेबांची असते, तेव्हा असल्या वाद्यांवर आमचा जीव का जडला ते सांगायला नको.

ट्यूबासाठीही व्हॉन विल्यम्सने १९५४ साली कंचेर्टो लिहिला. तो ऐकायला बसलो आणि शेजारच्या वर्गातल्या मुलांनी दार वाजवले. त्यांना वाटले, हत्ती आला.

अनंत चतुर्दशीनंतरच्या पहिल्या शनिवारी सायंकाळी सहाला 'हॅरल्ड' लावणार आहोत. वाचनालयातच. अ‍ॅम्प्लिफायर आमचा. खुर्च्या कमी आहेत, लवकर या. स्पीकरच्या उजवीकडची मात्र काकांची आहे.