काळ्या पडद्यावरची अक्षरे

यंत्र बिघडले म्हणजे माणसाच्या स्वभावाची परीक्षा होते. सायकलची साखळी निसटली, शिवणयंत्राचा दोरा वारंवार तुटू लागला किंवा विहिरीवरचा पंप मध्येच बंद पडला, की घरात दोन प्रकारची माणसे दिसू लागतात. एक तत्काळ हातोडी शोधू लागतो; दुसरा क्षणभर थांबून यंत्राचा आवाज ऐकतो. संगणकाच्या बाबतीत हा भेद अधिकच ठळक होतो. संगणकाचे दुखणे डोळ्यांना दिसत नाही. तो ते अक्षरांत सांगतो. आणि ती अक्षरे शांतपणे वाचण्याचे धैर्य नवशिक्याच्या ठायी सहसा नसते.

म्हैसूर शहरातून हुणसूरकडे जाणारा रस्ता मानसगंगोत्रीचा विद्यापीठ-परिसर मागे टाकून हिनकलला पोचतो. नन्नेश्वराचे प्राचीन मंदिर असलेले हे गाव आता शहराच्या कवेत आले आहे. हेब्बाळची औद्योगिक वसाहत आणि इन्फोसिसचे विस्तीर्ण प्रशिक्षण केंद्र येथून जवळच. त्यामुळे नाना प्रांतांतील, नाना भाषा बोलणारी कुटुंबे या बाजूला राहावयास येतात. अशाच एका मराठी घराचे चित्र श्रोत्यांनी डोळ्यांपुढे आणावे. निपाणीकडचे एक निवृत्त शिक्षक लेकीकडे राहावयास आले आहेत. जावयाचा जुना संगणक अडगळीत पडला होता. नव्या विंडोजचा भार त्या यंत्राला पेलत नव्हता. महाविद्यालयात शिकणाऱ्या नातीने एका मैत्रिणीच्या मदतीने त्यावर लिनक्स बसविले, आणि यंत्र पुन्हा चालू लागले. आजोबांनी त्यावर मराठी टंकलेखन शिकून घेतले. दोन वर्षे रोज सकाळी ते आठवेल तसे लिहीत गेले: आईच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या, सुगीच्या दिवसांतले शब्द, नांगराच्या आणि मोटेच्या एकेका भागाची नावे. हे सारे त्या एका यंत्रात होते. दुसरी प्रत कोठेही नव्हती.

एप्रिलमधल्या एका दुपारी संगणकाचे अपडेट, म्हणजे त्यातील कार्यक्रम अद्ययावत करण्याचे काम, चालू असताना वळवाचा पाऊस आला आणि वीज गेली. वीज परतल्यावर यंत्र सुरू केले, तो नेहमीचे चित्र उमटेना. काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांच्या ओळी भराभर सरकल्या आणि शेवटी ‘कर्नल पॅनिक’ हे शब्द दाखवून सर्व काही थिजले.

“आजोबा, शेजारचे काका म्हणतात, सगळं पुसून नव्यानं घालू या. तासाभराचं काम आहे.”

“तासाभराचं काम त्यांचं, बाळ. माझं दोन वर्षांचं आहे. आधी ते काय म्हणतंय ते तरी वाच.”

या दोन वाक्यांत बिघाड शोधण्याच्या विद्येचे पहिले दोन नियम आले आहेत. जे पुन्हा मिळणार नाही ते आधी वाचवावे. आणि यंत्र काय सांगते ते वाचल्याखेरीज त्याला हात लावू नये.

लिनक्स म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. 1983 मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ नावाचा संकल्प जाहीर केला. ज्यांचा उगम कोणालाही वाचता यावा, बदलता यावा आणि दुसऱ्याला देता यावा, असे कार्यक्रम निर्माण करावयाचे, हा त्यामागील विचार होता. 1991 मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या संगणकासाठी हौसेने एक गाभा लिहिला आणि पुढच्याच वर्षी तोही तशाच मुक्त परवान्याखाली सर्वांना खुला केला. या गाभ्यालाच ‘कर्नल’ म्हणतात. यंत्राचे अवयव आणि माणसाचे काम यांच्यामध्ये बसून सर्व व्यवहार चालविणारा तो कारभारी होय. गाभा टोरवाल्ड्सचा आणि भोवतालची अनेक उपकरणे ग्नूची, असा हा संसार उभा राहिला. लिनक्स आपले अंतरंग झाकून ठेवीत नाही. बिघाड झाला तर तो कोठे आणि कसा झाला, याची नोंद ते स्वतःच ठेवते. मात्र ती नोंद उघडून वाचण्याचे कष्ट वापरणाऱ्याने घ्यावयाचे असतात.

शेताला पाणी पोचत नसेल तर शेतकरी शेतात उभा राहून आभाळाकडे पाहत नाही. विहिरीपासून निघून तो पाटाच्या कडेकडेने चालत जातो आणि पाणी कोठवर आले आहे ते पाहतो. संगणक सुरू होतानाही असाच एक पाट वाहत असतो. कळ दाबताच यंत्राचा मूळ कार्यक्रम जागा होतो. तो ‘ग्रब’ नावाच्या दारवानाला हाक मारतो. ग्रब गाभ्याला उठवून स्मृतीत आणतो. गाभा तबकडीवरील मूळ फाइल-व्यवस्था जोडून घेतो. मग निरनिराळ्या सेवा सुरू होतात आणि अखेरीस चित्रमय पडदा उमटतो. ‘लिनक्स बिघडले’ हे वाक्य फार मोघम आहे. पाणी नेमके कोणत्या वळणावर अडले, हा खरा प्रश्न असतो.

आजोबा आणि नात यांनी प्रथम फाइलींचा विचार केला. जावयाच्या दुसऱ्या संगणकावर एका रिकाम्या पेनड्राइव्हमध्ये त्यांनी लिनक्सची अशी प्रत तयार केली, जी तबकडीवर न बसवता नुसत्या पेनड्राइव्हवरून चालते. बिघडलेले यंत्र त्या पेनड्राइव्हवरून सुरू केले. पडद्यावर ‘वापरून पाहा’ आणि ‘बसवा’ असे दोन पर्याय आले. येथे घाईने दुसरा पर्याय निवडणारा नवशिका पुढे आपली तबकडी पुसूनही टाकू शकतो. नातीने दोन्ही ओळी मोठ्याने वाचल्या आणि पहिला पर्याय घेतला. तबकडी उघडली, आजोबांच्या फाइली दिसल्या आणि त्या दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या. एक फाइल उघडून अक्षरे जागच्या जागी आहेत याची खात्री केली. आजोबांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि पुन्हा लावला.

या एका कृतीने दोन गोष्टी साधल्या. भीती गेली, हे तर झालेच; पण निदानालाही पुरावा मिळाला. ज्या तबकडीवरून फाइली सुखरूप वाचता आल्या, ती तबकडी मेलेली असण्याचा संभव कमी. तेव्हा दोष अन्यत्र शोधावयाचा.

नातीने काळ्या पडद्याचे छायाचित्र मोबाइलवर घेऊन ठेवले होते. ते समोर ठेवून दोघांनी वही घेतली. डाव्या पानावर इंग्रजी ओळ, उजव्या पानावर तिचा मराठी अर्थ, अशी आजोबांनी शाळेतल्या सवयीने आखणी केली. ‘पॅनिक’च्या ओळीतच पुढे लिहिलेले होते की मूळ फाइल-व्यवस्था जोडता येत नाही. म्हणजे ग्रबपर्यंत पाट नीट वाहत होता. गाभाही उठला होता. पण त्याला आपल्या घराचे दार सापडत नव्हते.

असे का व्हावे? तबकडी वाचण्यासाठी गाभ्याला काही साहाय्यक कार्यक्रम लागतात, आणि ते कार्यक्रम त्याच तबकडीवर असतात. दाराची किल्ली घरातच राहावी, असा हा पेच आहे. म्हणून प्रवासाला निघताना गाभ्याच्या हाती एक लहानशी शिदोरी दिलेली असते. तिला ‘इनिटरॅमएफएस’ असे अवघड नाव आहे. आरंभी लागणारे साहाय्यक कार्यक्रम तिच्यात बांधलेले असतात. नवा गाभा आला की त्याची नवी शिदोरी बांधावी लागते. आता तिसरा प्रश्न विचारावयाचा: बिघाडापूर्वी शेवटचा बदल कोणता झाला? उत्तर उघड होते. अपडेटमध्ये नवा गाभा आला, आणि शिदोरी बांधली जात असतानाच वीज गेली असावी.

‘असावी’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. तर्क कितीही सुबक असला तरी तो पडताळून पाहावा लागतो. लिनक्समध्ये नवा गाभा आला तरी जुना लगेच काढून टाकला जात नाही. संगणक सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप ही कळ दाबली असता ग्रबची यादी दिसते, आणि तिच्यातील प्रगत पर्यायांत जुना गाभा निवडता येतो. नातीने तो निवडला. ओळी सरकल्या, क्षणभर पडदा काळा राहिला आणि नेहमीचे चित्र उमटले.

“झालं की गं!” आजोबा म्हणाले.

“नाही, आजोबा. हे जुन्या गाभ्यावर चाललंय. दुखणं अजून तसंच आहे. उद्या पुन्हा तेच होईल.”

लक्षण नाहीसे होणे आणि रोग बरा होणे, यांतील अंतर त्या मुलीने अचूक ओळखले. पण जुना गाभा चालतो आणि नवा अडतो, एवढ्याने दोष नव्या गाभ्याच्या तयारीत आहे, ही शंका जवळजवळ निश्चित झाली होती. मग दुरुस्तीला आरंभ झाला. आधी तबकडीवर जागा शिल्लक आहे ना, हे पाहिले. कारण जागा संपल्यानेही शिदोरी अर्धवट राहू शकते. जागा पुरेशी होती. नंतर कार्यक्रम बसविणाऱ्या व्यवस्थापकाला ‘अर्धवट राहिलेली सर्व मांडणी पूर्ण कर’ अशी आज्ञा दिली. मग सर्व गाभ्यांच्या शिदोऱ्या नव्याने बांधण्याची आणि शेवटी ग्रबची यादी ताजी करण्याची आज्ञा झाली. प्रत्येक आज्ञेनंतर यंत्राचे उत्तर वाचले, वहीत लिहिले आणि मगच पुढचे पाऊल टाकले. एकदम चार बदल केले तर गुण कशाने आला हेही कळत नाही आणि अपाय कशाने झाला हेही कळत नाही.

मध्ये एक प्रसंग घडला. नातीला कोणीतरी एक लांबलचक आज्ञा सुचविली. आजोबांनी तिच्यातील एकेका शब्दाचा अर्थ विचारला. चालू व्यवस्थेला जोडलेली तबकडीच तपासून दुरुस्त करण्याची ती आज्ञा होती. तबकडी वापरात असताना अशी दुरुस्ती केली तर चांगल्या फाइलींचीही नासाडी होऊ शकते. ‘सुडो’ या शब्दाने आरंभ होणाऱ्या आज्ञेला यंत्रावर मालकाचा पूर्ण अधिकार प्राप्त होतो. मालकाची सही वाचल्याशिवाय करावयाची नसते. ती आज्ञा दिली गेली नाही.

संगणक पुन्हा सुरू केला. या वेळी यादीतून काहीही निवडले नाही. नवा गाभा आपली शिदोरी घेऊन निघाला आणि बिनबोभाट घरी पोचला.

प्रत्येक बिघाड असा सुखान्त असतो, असे मात्र नाही. तबकडीतून खटखट आवाज येऊ लागला किंवा नोंदींत तिच्यावरील वाचन-लेखनाच्या चुका वारंवार दिसू लागल्या, तर नवशिक्याने तेथेच थांबून यंत्र बंद करावे आणि जाणकाराकडे जावे. कोठे थांबावे हे कळणे, हाही या विद्येचाच भाग आहे.

मराठी माणसाची आणखी एक अडचण असते ती भाषेची. लिनक्सवरील चित्रमय पडद्याचा बराच भाग स्वयंसेवकांच्या श्रमाने मराठीत आला आहे. मुक्त परवान्याची ‘लोहित’ अक्षरे 2004 पासून उपलब्ध आहेत. पण संकटकाळी गाभा बोलतो तो इंग्रजीतच. तेथे फार पांडित्य लागत नाही. ‘सापडले नाही’, ‘परवानगी नाही’, ‘जागा उरली नाही’, ‘जोडता आले नाही’ अशा अर्थाची दहावीस वाक्येच पुनःपुन्हा येतात. ती एकदा वहीत उतरली की काळ्या पडद्याचा दरारा निम्मा ओसरतो.

हिनकलच्या शेजारच्या म्हैसुरात हौशी माणसाच्या चिकाटीचे एक जुने उदाहरण आहे. 1935 मध्ये मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या घरीच एक लहानसे प्रक्षेपण केंद्र सुरू केले. त्या केंद्राचे नाव होते ‘आकाशवाणी’. पुढे देशाच्या नभोवाणीने तेच नाव स्वीकारले. हौसेने यंत्र उघडणारा माणूस पोरखेळ करीत असतो, असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

त्या घरातील वही आता संगणकाशेजारी एका खिळ्याला टांगलेली असते. तिच्या पहिल्या पानावर आजोबांच्या वळणदार अक्षरांत तारीख, बिघाड, कारण आणि उपाय लिहिलेले आहेत. ओव्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर कपाटात आहे आणि दुसरी निपाणीला मुलाकडे. आभाळ भरून आले की नात हाक मारते, “आजोबा, अपडेट चालू नाही ना?” आणि आजोबा उत्तर देतात, “नाही, बाळ. आज फक्त नवी प्रत काढतोय.”